माळकरी नाना आणि केपचे चार घाट

गोष्ट मे २०२३ ची. ऑफिसच्या प्रोजेक्टमुळे मी आणि बायको तेव्हा केपटाऊनला राहात होतो आणि आई-नाना महिनाभरासाठी आले होते. नानांना निफाड तालुक्यातून बाहेर काढणं म्हणजे काय हे ज्यांच्या घरी द्राक्षबाग आहे त्यांनाच कळेल. ऑक्टोबर छाटणी झाली की चार महिने फवारण्या, मग माल, मग व्यापारी, मग तो व्यापारी पैसे कधी देतो याची वाट बघणं, ते होईस्तोवर एप्रिलची खरड छाटणी तोंडावर. शेवटी मोठ्या भावाने "सबकेनचं (छाटणीनंतर फुटव्यांचे शेंडे मारायचं काम) मी बघतो, तुम्ही जा एकदाचे" म्हणून जवळजवळ ढकललंच त्यांना विमानात. नानांची अट एकच, ज्येष्ठात त्र्यंबकहून निवृत्तिनाथांची पालखी निघते त्याच्या आत मला घरी पोचवायचं.

टेबल माउंटन झाला, पेंग्विन झाले, आईला समुद्र आवडला, नानांना काहीच विशेष वाटेना. मग मी ठरवलं की ह्यांना चार घाटांची ती ड्राइव्ह करवू. केपटाऊनहून निघायचं, सर लॉरीज पास, फिल्युन्स पास, फ्रान्शहूक पास आणि हेल्सहूख्टे पास असे चार घाट ओलांडत फ्रान्शहूक आणि स्टेलेनबॉशच्या वाईनच्या मुलखातून गोल फिरून घरी. सगळं मिळून दोनशे-सव्वादोनशे किलोमीटर, लोक एका दिवसात करतात. आम्ही दोन दिवसांत करायचं ठरवलं आणि झाले तीन, ते का ते पुढे येईलच.

बायको म्हणाली, अरे माळकरी माणसाला वाईनरीत नेतोयस, काही वाटतं का. म्हटलं वाईनरीत नाही, बागेत नेतोय.

शनिवार

मे म्हणजे तिकडे हिवाळ्याचं तोंड. साडेसातला उजाडतं आणि सहाच्या आत अंधार, त्यामुळे लवकर निघून उपयोग नसतो. आठला निघालो. गाडी आपल्यासारखीच उजव्या स्टिअरिंगची आणि रस्त्याची डावी बाजू, त्यामुळे चालवायला त्रास काही नाही, फक्त हायवेला १२० चं लिमिट आहे आणि लोक ते खरंच गाठतात. एन-२ ने विमानतळ मागे टाकला की दोन्ही बाजूंना पत्र्याची घरं लागतात, मैलोनमैल. आई काही बोलली नाही, नानांनी फक्त "इथं पण?" एवढं विचारलं.

सॉमरसेट वेस्ट संपलं की समोर डोंगराची भिंतच उभी राहते. तिच्यावरून रस्ता तिरका वर जातो तो सर लॉरीज पास. १८३० साली झाला, तेव्हाचा गव्हर्नर सर लॉरी कोल याच्या नावाने. त्याआधी बैलगाड्या शेजारच्याच एका खिंडीतून जायच्या, तिचं मूळ नाव गांटाऊ, म्हणजे खोइ लोकांच्या भाषेत एलंड नावाच्या मोठ्या हरणाची वाट. गाड्यांच्या चाकांनी दगडात पडलेल्या चाकोऱ्या तिथे अजून आहेत. आधी जनावरांची वाट, मग माणसांची, मग गाड्यांची, मग साहेबाचं नाव. नाना म्हणाले सगळे घाट असेच झालेत, आपला कसारा काय वेगळा आहे.

वर साडेचारशे मीटरवर गाडी लावायला जागा आहे आणि तिथून अख्खा फॉल्स बे दिसतो, निळ्या पाण्याचा एवढा मोठा अर्धगोल की फोटोत मावत नाही. आम्ही फोटो काढत होतो आणि आईने गाडीच्या बॉनेटवर डबा उघडला. मी सांगायला हवं होतं, नाही सांगितलं. बबून कुठून आला कळलंच नाही, चांगला मोठा नर, सावकाश आला, आईकडे एकदा बघितलं आणि दशम्यांची अख्खी चळत फडक्यासकट घेऊन कठड्यावर जाऊन बसला. गाठ सोडवून खायला लागला हो! शेंगदाण्याची चटणी मात्र बोटाला लावून हुंगली आणि फेकून दिली. आईला दशम्या गेल्याचं वाईट नव्हतं, चटणी नाकारल्याचं होतं. नाना म्हणाले, वणीच्या गडावरची माकडं परवडली, ती निदान प्रसादाला नाही म्हणत नाहीत. (खिडक्या बंद ठेवा, खायचं काही बाहेर काढू नका. लिहून ठेवलेलं असतं तिथे, मराठी माणूस वाचत नाही एवढंच.)

घाट उतरायचा म्हणून उतार शोधत होतो तर पलीकडे उतारच नाही फारसा, एकदम पठार. कोकणातून घाट चढून देशावर आल्यासारखं. हे एल्गिन-ग्राबाऊ, सफरचंदांचा मुलूख. नानांची कळी इथे पहिल्यांदा खुलली. शेवटची तोडणी चालू होती, पिंक लेडी नावाचं वाण असतं ते सगळ्यात उशिरा येतं. झाडं तारांवर बांधलेली, रांगांमध्ये ट्रॅक्टर, लाकडी मोठ्या पेट्या. नानांनी मला गाडी थांबवायला लावून कुंपणापलीकडची रांग मोजली. दोन झाडांत किती फूट, दोन ओळींत किती फूट. मग म्हणाले, "काश्मीरला गेलो होतो तेव्हा एवढं दाट नव्हतं रे."

ग्राबाऊला हायवेच्या कडेला फार्म स्टॉल आहेत, पाय (आत सारण भरलेली पेस्ट्री) आणि जॅम आणि गरम ब्रेड. शाकाहारी म्हणून पालक-चीजचा पाय मिळाला. आणि प्यायला ॲपलटायझर. हे पेय याच खोऱ्यात १९६६ साली सुरू झालं, नुसता सफरचंदाचा रस आणि गॅस, दुसरं काही नाही. पण बाटली हिरवी, वर बुडबुडे, नानांचा विश्वास बसेना. माझ्याकडून लेबल वाचून घेतलं, मग बायकोकडून वाचून घेतलं, मग आईला आधी प्यायला लावलं. त्यानंतर तीन दिवसांत माझ्या हिशोबाने ह्या माणसाने अकरा बाटल्या संपवल्या.

ग्राबाऊहून आत वळलं की आर-३२१ वर दुसरा घाट, फिल्युन्स पास. स्पेलिंग बघून मी विल्जोएन म्हणत होतो, पेट्रोल भरणाऱ्या पोराने हसून उच्चार शिकवला. सर अँटनी फिल्युन हा मूळ डॉक्टर, त्याने या भागात पहिल्यांदा फळबागा उभ्या केल्या, म्हणून घाटाला त्याचं नाव. नाना म्हणाले, शेतकऱ्याचं नाव घाटाला दिलंय म्हणजे बरी माणसं दिसतात. घाट म्हणावा तर छोटासा आहे खरं सांगायचं तर, पाच-सहा वळणं, पाईनची झाडं, संपतो. मला विशेष वाटला नाही.

पण तो उतरला की थेवॉटर्सक्लूफ धरण. याच्याविषयी मी बरंच वाचून ठेवलं होतं, कारण २०१८ चा केपटाऊनचा दुष्काळ. शहराला पाणी देणारं हे सगळ्यात मोठं धरण आणि त्या वर्षी ते पार तळाला गेलं होतं. फेब्रुवारी २०१८ पासून माणशी दिवसाला ५० लिटर पाणी, त्यात अंघोळ, स्वयंपाक, संडास सगळं, आणि नळ बंद होण्याच्या तारखेला नाव दिलेलं डे झिरो. ती तारीख पुढे पुढे ढकलत नेली, शेवटी पाऊस आला आणि आलीच नाही ती. आमच्या बिल्डिंगच्या बाथरूममध्ये आम्ही होतो तेव्हाही "दोन मिनिटांत अंघोळ" असा स्टिकर होता.

नानांना दशलक्ष घनमीटर वगैरे सांगून उपयोग नाही. फोनवर हिशोब केला, ४८० दशलक्ष घनमीटर म्हणजे साधारण १७ टीएमसी.

"सतरा? म्हणजे आपली तीन गंगापूर."

"हो, पण जायकवाडीपुढे काहीच नाही नाना, ते एकशे दोन."

"जायकवाडीचं नाव काढू नको." (नाशिककरांना कळलं असेल, आमच्या धरणांचं पाणी तिकडे सोडावं लागतं.)

पाण्यातून मेलेल्या झाडांचे काळे बुंधे वर आलेले, काठाला पिवळी वाळू, मागे निळे डोंगर. वाटेत पाण्यावरून पूल लागतो, तिथे वारा एवढा होता की आईचा पदर हातात धरून उभं राहावं लागलं. आणि अजिबात कोणी नाही. शनिवार असून. आपल्याकडे एवढ्या धरणावर दहा भुट्टेवाले असते.

पुढचा घाट फ्रान्शहूक पास. चारांतला माझा सगळ्यात आवडता हाच. आधी हत्ती ज्या वाटेने डोंगर ओलांडायचे तीच ही वाट, ऊलिफांट्सपाट, हत्तींची पायवाट. १८२० च्या दशकात इंग्रज सैनिकांना कामाला लावून तिचा गाडीरस्ता केला. चढताना एका वळणावर दगडी कमानीचा छोटासा पूल लागतो, यान यूबेर्टखाट, १८२३ सालचा, आणि वापरात असलेला तो देशातला सगळ्यात जुना कमानीचा पूल. गाडीतून कळतच नाही की पुलावरून गेलो, थांबून खाली उतरून बघावं लागतं. नानांनी दगडावर हात फिरवून बघितला. दोन्ही बाजूंना फिनबॉस, म्हणजे इथली ती खुरटी झुडपं, लांबून आपल्या माळरानासारखी कोरडी दिसतात आणि जवळ गेलं की दर चार पावलांवर वेगळं फूल. प्रोटिया फुललेले. आईला एक तोडून हवं होतं, म्हटलं दंड होईल, गप्प बसली पण तोंड पाडून.

वर सातशे मीटरवर पोचलो तेव्हा चार वाजले असतील. आणि खाली फ्रान्शहूकचं खोरं. मी ह्याचे फोटो पन्नास वेळा बघितले होते पण मे महिन्यात द्राक्षाची पानं रंग बदलतात हे डोक्यातच नव्हतं. तीन बाजूंनी डोंगर आणि मध्ये पिवळे, तांबूस, विटकरी असे चौकोन, कोणीतरी गोधडी वाळत घातल्यासारखी. आपण नाशिकवाले, पण हे असं आपण कधी बघितलेलंच नाही. आपल्याकडे पान पिवळं पडलं तर पहिला प्रश्न येतो कुठला रोग. नानांनीही तोच विचारला.

"रोग नाही नाना, हिवाळा आहे. गळणार आता सगळी पानं."

"सगळी? आपोआप?"

मग उतरेपर्यंत, म्हणजे ती सगळी हेअरपिन वळणं संपेपर्यंत, ते एक शब्द बोलले नाहीत.

रात्री गेस्ट हाऊसला शेकोटी होती आणि मालकीणबाईंनी येऊन सांगितलं की आठ ते साडेदहा लोडशेडिंग आहे. हाच शब्द! साउथ आफ्रिकेत इंग्रजीत पण लोडशेडिंगच म्हणतात. अख्ख्या दिवसात त्या बाईंचं नानांना समजलेलं हे पहिलं इंग्रजी आणि ते इतके खूश झाले की आपल्याकडे थ्री फेज रात्रीची कशी येते, मोटर चालू करायला दोन वाजता कसं उठावं लागतं हे सगळं त्यांनी मराठीत त्यांना सांगितलं. बाई पण मान हलवत होत्या. गॅस होता म्हणून आईने मेणबत्तीच्या उजेडात मुगाची खिचडी टाकली, दशम्या तर माकडाने नेल्या होत्या.

रविवार

सकाळी गावात चक्कर. फ्रान्शहूक म्हणजे फ्रेंचांचा कोपरा. फ्रान्सच्या राजाने १६८५ साली प्रोटेस्टंट लोकांचं धर्मस्वातंत्र्य काढून घेतलं तेव्हा जी माणसं देश सोडून पळाली त्यांतली काही डचांच्या जहाजांतून १६८८ च्या सुमारास इथे आली, ती ह्यूगेनॉट. आपल्याकडे तेव्हा संभाजी महाराजांचा काळ. गावाच्या टोकाला त्यांचं स्मारक आहे, तीन उंच कमानी. दुकानांवर, शेतांच्या पाट्यांवर सगळीकडे फ्रेंच नावं, पण बोलतात आफ्रिकान्स, एकदोन पिढ्यांतच फ्रेंच विसरले म्हणे. नावं तेवढी राहिली. आई म्हणाली, अमेरिकेतल्या आपल्या पोरांसारखं.

एका शेतावर आम्ही टेस्टिंग बुक केलं होतं, लहानसं आहे, घरगुती. मी ड्रायव्हर म्हणून माझ्या नशिबी पाणी, कायद्याची मर्यादा आपल्याहून थोडी सैल आहे पण आई-वडील गाडीत असताना आणि पुढे घाट असताना कोण हिशोब करत बसणार. बायकोसमोर पाच ग्लास मांडले. आई तिच्याकडे बघत होती, मग म्हणाली वास तर घेऊन बघते, आणि वास घेता घेता शेनिनचा एक घोट गेलाच. "काकवीसारखं गोड नाही गं," एवढाच रिव्ह्यू. शेनिन ब्लां आपल्या नाशिकलाही भरपूर लावलेली आहे, इथे तिला जुनं नाव स्टीन. आणि पिनोटाज नावाची जात तर इथलीच, स्टेलेनबॉशच्या प्राध्यापक पेरोल्ड यांनी १९२५ मध्ये पिनो न्वार आणि सॅन्सो यांचा संकर करून काढलेली. केपमधली पहिली वाईन मात्र त्याच्या कितीतरी आधीची, २ फेब्रुवारी १६५९. त्याच वर्षी नोव्हेंबरात इकडे प्रतापगडाच्या पायथ्याशी अफजलखान. असं जोडलं की मला तारखा लक्षात राहतात, काय करणार.

नाना आत आलेच नाहीत. बाहेर उभे राहून बाग बघत होते. आमची सरबराई करणाऱ्या मुलीच्या ते लक्षात आलं, तिला म्हटलं हे द्राक्षवाले आहेत, इंडियात. ती गेली आणि बागेचं काम बघणाऱ्या माणसाला घेऊन आली, साठीचा, उन्हाने भाजलेला, अर्धी चड्डी, गमबूट. आणि त्यानंतर दीड तास मी दुभाषी.

पहिल्यांदा नानांनी बोट दाखवलं ते मांडव नसलेल्या वेलींकडे. बुश व्हाइन, म्हणजे तार नाही, बांबू नाही, काही नाही, वेल आपली बुटक्या झाडासारखी स्वतःच्या खोडावर उभी, गुडघ्याएवढी, मनगटापेक्षा जाड.

"हिला मांडव का नाही विचार."

तो म्हणाला ही माझ्या वडिलांच्या वेळची आहे, तेव्हा तारा परवडत नव्हत्या, आता जुनी म्हणून भाव आहे.

"एकरी किती निघतं?"

तो हेक्टरमध्ये सांगणार, मी एकरात करणार. सव्वातीन टन आलं. नाना माझ्याकडे संशयाने बघायला लागले, तुझं भागाकार बरोबर आहे का. मग परत केलं, तेवढंच. एवढ्यावर ह्याचं भागतं कसं? तो हसला, बाटलीकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, कधी भागतं, कधी नाही.

मग खाली बसून दोघांनी माती उकरली. नानांनी मूठभर घेऊन दाबली, सोडली. "मुरूम आहे. निचरा चांगला." तो म्हणाला ग्रॅनाइट झिजून झालेली माती आहे. म्हणजे तेच. मग नानांनी खोडाचा कलमाचा जोड बोटाने शोधला आणि विचारलं रूटस्टॉक (कलमाखालचा खुंट) कुठला. हा शब्द मला इंग्रजीत करायची गरज पडली नाही. तो म्हणाला, "रिक्टर वन टेन."

"एकशेदहा आर!" नाना जवळजवळ ओरडले. "अरे हा तर आपल्या खालच्या तुकड्याला आहे! डॉगरीज वरच्याला आणि एकशेदहा आर खालच्याला." तो माणूस पण एकदम "डॉगरिज, डॉगरिज" म्हणत मान हलवायला लागला आणि मला दोघांनी बाजूलाच टाकलं. बोटांनी, मातीत रेघा मारून चाललं होतं त्यांचं. १८८६ मध्ये केपला फिलॉक्सेरा नावाची मुळं खाणारी कीड सापडली आणि बागाच्या बागा गेल्या, तेव्हापासून अमेरिकन खुंटावर कलम केल्याशिवाय इथे कोणी बाग लावत नाही, हे त्याने मला सांगितलं आणि मी नानांना सांगायला गेलो तर म्हणाले, कळलं मला, मुळाला किडा दाखवला त्याने.

डावणी-भुरीवर, म्हणजे द्राक्षाच्या या दोन बुरशीच्या रोगांवर, मात्र माझी परत गरज लागली. भुरी त्यांच्याकडे पण आहे. ओळीच्या टोकाला गुलाब लावतात ना, ते नुसते शोभेचे नसतात, गुलाबावर भुरी आधी दिसते म्हणून जुन्या लोकांनी लावलेले. डावणीचा मात्र त्याला आपल्याइतका धाक नाही, कारण त्यांचा पाऊस हिवाळ्यात, मेच्या मध्यापासून ऑगस्टपर्यंत, वेल झोपलेली असताना. उन्हाळ्यात घड भरतात तेव्हा कोरडं आणि वरून आग्नेयेकडचा जोरदार वारा, त्याला ते केप डॉक्टर म्हणतात, पानं कोरडी ठेवतो. जानेवारीच्या शेवटापासून तोडणी. नानांनी दोनदा विचारून घेतलं, फुलोऱ्यात पाऊस नाही? मणी फुगताना पाऊस नाही? क्वचित, तो म्हणाला. मग त्याने विचारलं तुमचं कसं, तर नानांनी माझ्यामार्फत सांगितलं की आमच्याकडे वर्षात दोन छाटण्या आणि पीक एक, आणि पाऊस त्याच्या मर्जीने, नोव्हेंबरात येतो, मार्चमध्ये गारा येतात. तो माणूस दोन छाटण्यांवर अडकला. मग वेल झोपते कधी?

मी भाषांतर केलं. नाना जरा वेळ त्या लाल-पिवळ्या पानांकडे बघत बसले आणि म्हणाले, "सांग त्याला, झोपत नाही. आम्ही झोपूच देत नाही."

निघताना तो आम्हाला तळघरात घेऊन गेला. नाना दारातच थांबले, माळेला हात गेला त्यांचा, मग आत आले. ओकची पिंपं, २२५ लिटरची एकेक. आत शिरताच नाना म्हणाले, गंधक. आम्हाला कोणालाच वास आला नव्हता. रिकामी पिंपं खराब होऊ नयेत म्हणून गंधकाची धुरी देतात म्हणे. भुरीसाठी आयुष्यभर गंधक उडवलेल्या माणसाच्या नाकाला कुठे सुटणार ते.

दुपारी घाईच झाली. पार्लच्या रस्त्याला थोडं आत जाऊन मंडेलांचा पुतळा बघितला, मूठ उंचावलेला, तुरुंगाच्या दाराबाहेर. २७ वर्षांच्या कैदेतले शेवटचे महिने इथे काढून ११ फेब्रुवारी १९९० ला ते इथूनच चालत बाहेर पडले, तेव्हा त्याचं नाव व्हिक्टर फर्स्टर तुरुंग होतं. नानांना ती बातमी आठवते, सरपंचांच्या टीव्हीवर बघितलेली. फोटो काढताना त्यांनी टोपी नीट केली.

चौथा घाट हेल्सहूख्टे, म्हणजे नरकाची चढण. नाव मोठं आणि घाट सोपा, चांगला चौपदरी रस्ता, सिमन्सबर्ग डोंगराच्या कुशीतून. पण चढाच्या अलीकडे प्नीएल नावाचं गाव लागतं, ते लक्षात राहिलं. गुलामगिरी उठल्यावर सुटलेल्या गुलामांसाठी १८४३ मध्ये मिशनने वसवलेलं. या सुंदर बागा लावल्या कोणी तर गुलामांनी, आणि त्यांतले कितीतरी बंगाल, मलबार, कोरोमंडलच्या किनाऱ्यावरून धरून आणलेले. नंतर मजूर आले तर त्यांच्या मजुरीचा काही भाग रोजच्या रोज वाईनमध्येच द्यायचे, डॉप म्हणतात त्याला. कायद्याने बंद झालं पण त्या व्यसनाने पिढ्या बरबाद केल्या. हे ऐकल्यावर नाना म्हणाले, "म्हणून मी आत येत नव्हतो." बायको तोवर विकत घेतलेल्या दोन बाटल्या पायाशी सरकवत होती.

स्टेलेनबॉशला पोचेस्तोवर दिवे लागले होते, म्हणजे ज्या भागात वीज होती तिथे. १६७९ साली सिमोन फान डेर स्टेल याने वसवलेलं गाव, पांढरी घरं आणि ओकची मोठी झाडं. बायकोने हॉटेलात वाचून दाखवलं की या सिमोनची आजी, आईची आई, गोव्याच्या किनाऱ्यावरची, मोनिका नावाची, सुटका झालेली गुलाम बाई होती. आई ताडकन उठून बसली. म्हणजे हे गाव आपल्या कोकणी बाईच्या नातवाचं? दुसऱ्या दिवशी डॉर्प स्ट्रीटवरून चालताना ती प्रत्येक घराकडे माहेरच्यासारखी बघत होती.

सोमवार

खरं तर घरी जायचं होतं. पण त्या बागवाल्याने नानांना जाता जाता सांगितलं होतं, खायची द्राक्षं बघायची तर हेक्स रिव्हरला जा. नानांनी रात्रीत तीनदा विचारलं ते किती लांब आहे. सकाळी मी बॉसला मेसेज टाकला, तब्येत बरी नाही.

एन-१ ला सरळ जाणारा ह्यूगेनॉट बोगदा आहे, १९८८ चा, चार किलोमीटरला जरासा कमी. आपण जुन्या ड्यू टॉइट्सक्लूफ घाटाने गेलो. १९४९ साली खुला झाला, महायुद्धात पकडलेल्या इटालियन कैद्यांनी याच्यावर काम केलंय. ८२० मीटर, बाकी चारांपेक्षा उंच, वर ढग, काच पुसत पुसत. आईचं पोट बिघडलं त्यामुळे ह्या घाटाविषयी जास्त लिहीत नाही.

वूस्टर सोडलं आणि डे डूर्न्सच्या दिशेने खोरं अरुंद झालं तसे नाना पुढे सरकून बसले. दोन्ही बाजूंना भगभगीत कातळ, मध्ये खोरं भरून मांडव. इथे वाय मांडव, तारा, ड्रीप, काही ओळींवर प्लास्टिकचं कव्हर, सगळं ओळखीचं. आणि पानं लाल. फ्रान्शहूकसारखी तांबूस वगैरे नाही, कुंकवासारखी लाल. बार्लिंका नावाचं जुनं काळं वाण आहे त्याची पानं अशी होतात.

हे आपले स्पर्धक. युरोपात जानेवारी-फेब्रुवारीत आपला माल पोचतो तेव्हा यांचाही तिथेच असतो, यांचा माल जास्त आला की आपला भाव पडतो, लहानपणापासून घरी ऐकतोय मी, "आफ्रिकेचा माल कसा आहे यंदा?" ती आफ्रिका म्हणजे हे खोरं. रस्त्याकडेला एका स्टॉलवर मनुका आणि शेवटची थोडी द्राक्षं होती. नानांनी एक मणी तोडला, उजेडात धरला, देठाकडून दाबून बघितला, मग खाल्ला. "साल जाड आहे. टिकाऊ." थोडं थांबून, "गोडी आपलीच." स्टॉलवरच्या बाईंना मी सांगितलं आम्हीपण हेच पिकवतो, त्यांनी पाकीटभर मनुका फुकट दिल्या. त्याच डे डूर्न्समधून २०१२ मध्ये शेतमजुरांचा संप पेटला होता, ६९ रँड रोज मिळायचा तो पुढच्या मार्चपासून १०५ झाला. नानांनी विचारलं आता किती. बाईंनी आकडा सांगितला, मी रुपयात केला, नाना म्हणाले आपले पेठ-सुरगाण्याचे मजूर आता ह्याहून कमीत येत नाहीत, आणि बरोबरच आहे त्यांचं.

मग त्यांनी भावाला व्हिडिओ कॉल लावायला सांगितला. इकडे तीन वाजले होते, तिकडे साडेसहा, तो बागेतच होता. नानांनी फोन उलटा धरून लाल पानं दाखवली, डोंगर दाखवले, आईला दाखवलं.

भाऊ म्हणाला, "ते राहू द्या नाना, फोन जरा खाली घ्या. ड्रीप सिंगल लाइन आहे का डबल?"

नाना वाकले, मांडवाखाली शिरले, आणि "थांब, मोजून सांगतो" म्हणत ओळीने पुढे चालत गेले. मी, आई, बायको रस्त्यावर. बरोबर विसाव्या मिनिटाला माझा डेटा संपला.